दुप्पट वेगातले अण्णा

दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा बंगळुरातला शेवटचा माणूस बनशंकरीत राहतो आणि तो माझ्या घरमालकीणबाईंचा थोरला भाऊ आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. माझं लहानपण सभांमध्ये आणि पत्रकांमध्ये गेलं. शाळेची गणितंसुद्धा मी वडिलांच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर सोडवली. त्यामुळे बोलणारी माणसं ढिगाने पाहिली. ऐकणारा हा एकच. वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घ्यायला आलो तेव्हा मी कोण, कुठला, इथे कशाला आलो, हे सगळं त्यांना एका दमात सांगितलं. माझं बोलणं संपलं तरी ते माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, कानाने अधू असावेत. म्हणून तेच सगळं पुन्हा, मोठ्या आवाजात सांगितलं. तेही त्यांनी ऐकून घेतलं, आणखी थोडे थांबले आणि म्हणाले, "सरी. पहिल्यांदाच कळलं होतं रे तम्मा. अजून काही राहिलं असेल म्हणून थांबलो होतो."

'सरी' म्हणजे ठीक आणि 'तम्मा' म्हणजे धाकटा भाऊ, हे मला नंतर कळलं. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे उतरलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत अर्धा बाजार कन्नडचा भरलेला. सगळे त्यांना अण्णा म्हणतात आणि त्यांच्या बहिणीला, म्हणजे माझ्या मालकीणबाईंना, अक्का. अण्णांचं सारं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं. खांबावर चढायचं, तार जोडायची, चाचणीचा फोन कानाला लावून 'हॅलो' म्हणायचं आणि पलीकडून आवाज येईपर्यंत थांबायचं. आवाज आला तर काम झालं, नाही आला तर पुन्हा जोडणी. निवृत्तीनंतर खांब सुटला, बाकी सगळं राहिलं. जगात काहीही बिघडत नाही, फक्त लाइन तुटते, अशी त्यांची पक्की समजूत आहे. शेजाऱ्यांचं भांडण, अक्कांची गुडघेदुखी, राज्य सरकार, सगळ्यांचा दोष ते कुठल्यातरी सुट्या टोकात शोधतात.

मराठीही त्यांच्या मते अशीच सुटलेली लाइन. म्हणून दर रविवारी सकाळी ते आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवत. पुण्या-मुंबईहून कंपन्यांमध्ये आलेल्यांची मुलं, इथल्या जुन्या घरांतली मुलं आणि सीमेकडून आलेल्यांची दोन-तीन, अशी मिळून अकरा. मी मदत करायला म्हणून गेलो, तर त्यांनी हजेरीपटावर मला बारावा विद्यार्थी म्हणून नोंदवून टाकलं. खडूला ते हात लावत नसत. खडू एकमार्गी आहे, म्हणत. घरी त्यांच्या खिडकीच्या गजांना चार जुने फोन टांगलेले असत, एक चालू, दोन आजारी आणि एक सुट्या भागांसाठी. कुणीतरी मोडीत काढलेला प्रोजेक्टर त्यांनी जिवंत केला होता आणि पडदा नव्हता म्हणून अक्कांची पलंगावरची चादर दोरीवर टाकून तिच्यावर अक्षरं दाखवत. डोक्यावर पंखा. चादर हलायची, अक्षरही हलायचं, आणि मुलं जसं दिसेल तसं वहीत उतरवायची. महिन्याभराने एक आई वही घेऊन आली आणि विचारू लागली, की सगळे 'म' थंडीने कुडकुडतायत का. अण्णांनी दोष मान्य केला आणि चादरीला कपड्यांचे चिमटे लावले. मग चिमट्यांची सावली पडू लागली, आणि पुढचा महिनाभर मुलं प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर दोन कान काढत होती.

पण त्यांचं खरं हत्यार व्हॉइस नोट. साथीच्या दिवसांत हॉल बंद होता तेव्हा त्यांनी हे सुरू केलं आणि हॉल उघडल्यावरही सोडलं नाही. रोज सकाळी सात वाजता प्रत्येक मुलाला स्वतंत्र नोट. सगळ्यांना एकच पाठवता येते, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा ऐकून घेतलं. नोटेत धडा वगैरे काही नसे. आज नळाला पाणी आलं नाही, समोरच्या बाईंनी नवीन कुंडी आणली, अक्का रागावल्यात, असं घरगुती बोलणं. मुलांनी दिवसभरात आपलं काहीतरी मराठीत सांगून उत्तर पाठवायचं. मलाही रोज एक नोट येई. आम्ही एकाच घरात राहत होतो, मध्ये फक्त अठरा पायऱ्या, तरी येई. मी ती मेट्रोत ऐकत असे. माझी कचेरी के. आर. पुरमच्या पलीकडे, आणि काम म्हणजे फोनमधल्या बटणांवर मराठी लिहिणं. 'पुढे जा', 'रद्द करा', 'पुन्हा प्रयत्न करा'. भाषेसाठी रस्त्यावर उतरायचं ठरवून घराबाहेर पडलेला माणूस दिवसाकाठी असे चाळीस शब्द लिहून दमून घरी येतो. असो. अण्णांच्या नोटा मी दुप्पट वेगाने ऐकत असे, हे इथेच कबूल केलेलं बरं.

ते एकटा मीच करत नव्हतो, हे एका रविवारी उघड झालं. नवीन आलेला एक मुलगा वर्गात पहिल्यांदाच समोरासमोर बसला आणि थोड्या वेळाने काळजीने म्हणाला, "अण्णा, तुम्हाला बरं नाहीये का? फोनवर तर किती फास्ट बोलता." बाकीची मुलं खाली बघू लागली. मीही. चौकशीत निष्पन्न झालं, की अकरापैकी दहाजण अण्णांना दुप्पट वेगाने ऐकतात. उरली ती शहराबाहेरच्या होसकोट्याची एक नऊ वर्षांची मुलगी. तिची आई तिथल्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जाते. जायच्या आधी ती मुलीची वेणी घालते, आणि तेवढा वेळ फोन खिडकीत ठेवून अण्णांची नोट लावलेली असते. आईचे दोन्ही हात केसांत आणि मुलीला मान हलवायची सोय नाही, त्यामुळे वेगाच्या बटणापर्यंत कुणी पोचलेलंच नव्हतं.

दुसरा कुणी दुखावला असता. अण्णांना आनंद झाला. दोष सापडला होता. पलीकडे वेग दुप्पट होत असेल, तर अलीकडे तो निम्मा करायचा, म्हणजे मधे बरोबर. दुसऱ्या दिवसापासून ते स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर बसून निम्म्या वेगाने बोलू लागले. एका मिनिटाची नोट दोन मिनिटांची झाली. होसकोट्याच्या मुलीसाठी तेवढी साध्या चालीची, बाकी सगळ्यांची संथ. आणि सवय लागल्यावर ती फोनपुरती थोडीच राहते. रिक्षावाल्याला त्यांनी 'बनशंकरी'तलं 'बन' म्हणावं, तोवर रिक्षा कोपऱ्यावरून वळलेली असे. भाजीवाली त्यांचा भाव ऐकायच्या आधी स्वतःच भाव उतरवू लागली. शेवटी अक्का घाबरल्या आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी नाव विचारलं. अण्णांचं नाव सांगून होईपर्यंत डॉक्टरांची डोक्याच्या तपासणीची चिठ्ठी लिहून झाली होती. त्या दिवशी घरी येऊन अक्कांनी सांगितलं, "हे बघ अण्णा, माणसासारखं बोल, नाहीतर मीसुद्धा तुला दुप्पट वेगाने वाढीन." प्रयोग संपला. पण तोवर महिना उलटला होता.

त्याच सुमाराला मंडळाने ठरवलं, की आता मुलांना मराठी एका अॅपवरून शिकवायचं. अध्यक्ष वाईट माणूस नाहीत, फक्त कायम घाईत असतात. अॅपमध्ये रोजची प्रगती दिसते, चढता आलेख दिसतो, मुलाने धडा पुरा केला की तारे पडतात. रविवारी सकाळचा हॉल मग रोबोट बनवायच्या वर्गाला देता येईल. तरी न्याय म्हणून त्यांनी एक संधी दिली. वार्षिक मेळाव्यात प्रत्येक मुलाने एक मिनिट मराठीत बोलायचं, पालकांनी ऐकायचं आणि मग वर्ग ठेवायचा की नाही ते हात वर करून सांगायचं.

मी पेटलो. यंत्राच्या दावणीला भाषा बांधणाऱ्यांचा निषेध करणारं दोन पानी पत्रक एका बैठकीत लिहून काढलं आणि खाली अण्णांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते सबंध वाचलं, शेवटच्या ओळीनंतरही जरा थांबले. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण तम्मा, यात सगळं सांगितलेलंच आहे. विचारलेलं काहीच नाही. पलीकडच्याने बोलायचं कुठं?" मी विचारलं, मग तुम्ही काय करणार आहात. यावर ते बराच वेळ गजाला टांगलेला फोन फडक्याने पुसत राहिले. "स्वल्प भीती आहे," ते म्हणाले, "वर्ग गेला तर सकाळी मी हॅलो कुणाला म्हणू?" पत्रक मी छापलं नाही. तत्त्व म्हणून नव्हे. दमलो होतो.

मेळाव्याच्या दिवशी हॉल भरला होता. मंचावर आलेल्या पहिल्या मुलाने माइक धरला आणि त्याचं गाव, शाळा, आवडता खेळ, आवडता पदार्थ आणि समारोप हे सगळं तोंडातून मूठभर फुटाणे सांडावेत तसं सांडून तो जागेवर जाऊन बसला. जुन्या नोटा दुप्पट वेगाने ऐकून शिकलेली मराठी होती ती. त्याच्या लेखी भाषेची चालच तेवढी. त्याच्या मागून आली ती मुलगी संथ महिन्यात दाखल झालेली. तिला बटणाचं कुणी सांगितलंच नव्हतं. "माऽझं... नाऽव..." तिने सुरुवात केली आणि मिनिट संपलं तेव्हा आडनाव यायचं होतं. मग एक जलद, एक संथ, पुन्हा दोन जलद. हॉल हसून लोळत होता. पालक फोनवर चित्रण करत होते. अण्णा पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते आणि प्रत्येक मुलाचं शेवटपर्यंत ऐकत होते.

सर्वांत शेवटी होसकोट्याची मुलगी आली. वेणी घट्ट. "आज आमच्या घरी नळाला पाणी नव्हतं," ती साध्या चालीने म्हणाली. "तुमच्याकडे होतं का?" आणि गप्प झाली. लोकांना वाटलं, विसरली. अध्यक्षांनी हळूच पुढचं वाक्य आठवायला सांगितलं. ती हलली नाही. समोर बघत, हात मागे बांधून थांबून राहिली, न घाबरता, जणू आता बोलायची पाळी आमची होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी बाई म्हणाल्या, "आमच्याकडे पण नव्हतं गं."

"हं. सरी," मुलगी म्हणाली. "मग भांडी कशी घासलीत?"

आता दोन-तीन ठिकाणांहून उत्तरं आली. कुणी टँकर सांगितला, कुणी बादली. पुण्याकडचे एक गृहस्थ, जे मेळाव्यात आजवर फक्त इंग्रजीत आभार मानत, ते उठून आपल्या इमारतीच्या टाकीची कर्मकहाणी मराठीत सांगू लागले, आणि बेळगावकडच्या एका बाईंनी त्यांना मधेच थांबवून दुरुस्त केलं. मुलगी प्रत्येकाला 'हं, सरी' म्हणत होती. मी तीन वर्षं या मंडळाच्या सभांना जातो आहे. इतकी माणसं एका वेळी मराठीत बोलताना मी तिथे पहिल्यांदा पाहिली. मग अध्यक्षांनी घड्याळाकडे बघून वेळ संपल्याचं जाहीर केलं.

हात वर झाले ते अॅपसाठी. मुलीला स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. मला त्या हातांचा राग आला, आणि अजून आहे. अण्णांचं वेगळं. पुढचा आठवडाभर ते पालकांच्या घरोघरी जाऊन त्यांच्या फोनवर ते अॅप घालून देत होते, कारण कुणालाच ते नीट चालू करता येत नव्हतं. मी जिन्यात गाठून विचारलं, की हे कशासाठी. ते म्हणाले की लाइन कुणाचीही असो, बंद बघवत नाही.

चादर परत अक्कांच्या पलंगावर गेली. गजाला आता एकच फोन असतो, आणि रोज सकाळी दोनच नोटा जातात. एक होसकोट्याला, एक वर माझ्याकडे. मेळाव्यानंतर काही दिवसांनी मी मेट्रोत न ऐकता खोलीतच, साध्या वेगाने अण्णांची नोट लावली. पावट्याच्या शेंगा सोलत बोलत होते ते, शेंगा फुटल्याचा आवाजही येत होता. अक्का अजून रागावलेल्याच होत्या. मग त्यांनी विचारलं, "तम्मा, खाल्लंस का काही?" आणि पुढे काहीच नाही. नोट संपलेली नव्हती. आत त्यांचा श्वास होता, एक शेंग फुटली, दूर कुठेतरी कुकर वाजला. दुप्पट वेगात ही जागा मला नेटवर्क तुटल्यासारखी वाटायची आणि मी नोट तिथेच बंद करत असे. चांगला चार-पाच सेकंदांचा वेळ होता तो. त्यानंतर अण्णा म्हणाले, "हं. सरी. मग ये खाली."

मी जुन्या नोटा उघडल्या. प्रत्येकीत एक प्रश्न होता, प्रत्येकीत तेवढीच जागा मोकळी होती, आणि प्रत्येकीच्या शेवटी मला खाली बोलावलेलं होतं.

त्या दिवशी कचेरीला उशीर झाला. अठरा पायऱ्या उतरून गेलो, तर अण्णा परात घेऊन बसले होते. त्यांनी शेंगांचा अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. काही खाल्लं नाही, असं मी सांगितलं. मग मेळाव्याबद्दल सांगितलं, बटणांबद्दल सांगितलं, न छापलेल्या पत्रकाबद्दल, आणि नोटा मी कशा ऐकत होतो तेही. सगळं सांगून झालं. शेंगाही संपल्या.

अण्णा अजून थांबलेले होते.