सबाचा राग

खराडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत सबा अत्तारच्या हाताखालची मुलं तिला टरकून असत. काम चोख, पण राग भयंकर. एकदा मीटिंगमध्ये तिने टेबलावर असा हात आपटला की शेजारची मुलगी रडायलाच लागली. त्या क्षणी सबाला स्वतःच्या तोंडून वडिलांचा आवाज ऐकू आला. वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मेहबूब अत्तार यांचं बुधवार पेठेत रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. सबा शाळेत असताना हा शांत माणूस बदलत गेला. बोटं जागेवर राहीनात, गिऱ्हाइकांशी भांडणं व्हायला लागली, भरलं ताट भिंतीवर जायला लागलं. चालताना झोकांड्या जायच्या, म्हणून गल्लीत बोललं जाई की पितो. दारूला त्यांनी कधी हात लावला नव्हता. एके दिवशी त्यांनी सबाच्या मोठ्या भावावर, इरफानवर, गरम इस्त्री भिरकावली. तेव्हा आई, जरीना, दोन्ही मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. मेहबूब पुढे कोंढव्यात बहिणीच्या घरी वारले. जरीना मयतीला गेली नाही, मुलांनाही तिने जाऊ दिलं नाही.

दिवस पालटले. टेपरेकॉर्डर गेले, हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. इरफान तिथे लागला, सबा खराडीत. वडिलांचं नाव घरात निघत नसे. कुणी रागावरून बोललंच तर सबा म्हणायची, "रक्तातच आहे माझ्या. मी काय करणार?"

चाळिशी जवळ आली तशी इरफानची चिडचिड वाढली. ऑफिसात त्याचं कुणाशी पटेना. ईदच्या दिवशी तो शीरखुर्म्याची वाटी घेऊन बसला होता आणि वाटीवर त्याची बोटं आपोआप नाचत होती. जरीना बघतच राहिली.

"यांचं असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. अब्बांचा उल्लेख तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा केला.

मेंदूच्या डॉक्टरांनी इरफानचं रक्त तपासायला पाठवलं. आजाराचं नाव हंटिंग्टन. जनुकातल्या एका दोषाने मेंदू झिजत जातो; हातपाय ताब्यात राहत नाहीत, तसा स्वभावही. वडिलांना असला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

"म्हणजे अब्बा तसे नव्हतेच," इरफान म्हणाला. "आजारी होते ते."

घरी आल्यावर जरीना जेवली नाही.

सबा आता स्वतःच्या बोटांवर पाळत ठेवायला लागली. कीबोर्डवर चुकीचं अक्षर पडलं तरी ती हात उचलून बोटं निरखायची. कुणावर ओरडली की तिला वाटे, झालं, सुरू झालं. असं जगणं असह्य झालं तेव्हा तिने तपासणी करून घेतली.

"तुमच्यात तो दोष नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"नाही कसा? माझा राग पाहिलाय का तुम्ही?"

"रागाचं काही रक्तातून येत असेल, काही लहानपणी घरात पाहिल्यामुळे. कुठलं किती, ते कुठलीच तपासणी सांगत नाही. पण तो या आजाराचा नाही, एवढं नक्की."

सबा सुटली होती, पण सुटल्यासारखं वाटेना. इरफानने तिला आनंदाने मिठी मारली, तेव्हा त्याचे हात तिच्या पाठीवर झटके देत होते. आणि राग? तो आता कुणाच्या नावावर टाकायचा?

इरफानची नोकरी सुटली. सबाने त्याला आणि अम्मीला आपल्या फ्लॅटवर आणलं. एका दुपारी त्याने चहाचा पेला फेकला. सबा ताडकन उठली आणि तोच आवाज तिच्या तोंडून निघाला. इरफान कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला. इतका मोठा माणूस, लहानपणी अब्बांसमोर राहायचा तसा. सबा खाली बसली. मग काचा वेचायला लागली.

दारातून जरीना हे पाहत होती.

"सबा, मला कब्रस्तानात घेऊन चल."

"अम्मी, तिथे बायकांना आत सोडत नाहीत."

"फाटकाशी उभी राहीन."

दुसऱ्या दिवशी दोघी कोंढव्याला गेल्या. राखणदार म्हातारा होता, बरा होता बोलायला. पण मेहबूब अत्तारांची कबर कुठली, हे त्याला सांगता येईना. आत्याही आता हयात नव्हती. नाव घातलेला दगड कुणी लावलाच नव्हता.

जरीना फाटकाचे गज धरून आत पाहत राहिली. एका कबरीवरून दुसऱ्या कबरीवर तिची नजर जात होती. "तुमचं चुकलं नव्हतं हो," ती हळूच म्हणाली, आणि कुठे पाहून म्हणावं, ते तिला कळेना.