काळदरीची वाट पाहणारी माणसं

दैवशालाबाई मोजणीला बांधावर आल्या की भांडणारे भाऊ आधी आवाज खाली आणायचे. तुळजापूरच्या भूमी अभिलेख कचेरीत त्यांची एकवीस वर्षं नोकरी झाली होती. हातभर जमिनीसाठी एकमेकांची डोकी फोडायला निघालेली माणसं रोज बघून त्यांच्या तोंडावर एक तुच्छतेची छटा कायमची बसली होती. ती नळदुर्गला घरी आल्यावरही उतरत नसे.

सोलापुरात सिव्हिलचा डिप्लोमा करताना मात्र त्या अशा नव्हत्या. हॉस्टेलच्या खोलीत शिवप्रिया नावाची मैत्रीण होती. तिच्या मस्कतच्या मामानं एक खोका आणून दिला होता. आत नियमांचं जाड पुस्तक, वीस तोंडांचा फासा आणि एका काल्पनिक मुलखाचा घडीचा नकाशा. खेळ असा, की प्रत्येकीनं त्या मुलखातलं एखादं माणूस व्हायचं, एकीनं गोष्ट सांगत जायचं, बाकीच्यांनी आपण काय करणार ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशानं ठरवायचं. मुलखाचं इंग्रजी नाव जिभेवर वळेना, म्हणून मुलींनी त्याला काळदरी म्हणायला सुरुवात केली. गोष्ट सांगायची ती दैवशाला. तीन वर्षं दर रविवारी चार मुली काळदरीत राहून आल्या. मग डिप्लोमा संपला, लग्नं झाली आणि खोका दैवशालाबाईंच्या कपाटात जुन्या साड्यांखाली गेला. पुढं परदेशातल्या कंपनीनं काळदरी छापणंच बंद केलं, हे त्यांच्या कानावरही आलं नाही.

मागच्या वर्षी शिवप्रियानं हॉस्टेलातला एक फोटो फेसबुकवर टाकला. नकाशाभोवती बसलेल्या चौघीजणी. दोन दिवसांत पुण्याहून मल्लिकार्जुन नावाच्या माणसाचा फोन आला.

"मॅडम, तुमचा नकाशा पहिल्या आवृत्तीचा आहे! कंपनी काळदरी पुन्हा सुरू करणार, अशी बातमी आहे. आम्ही सगळे वाटच बघतोय."

त्यानं त्यांना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर घेतलं. तिथं साडेतीनशे माणसं वाट बघत होती. कंपनीतल्या कुणा माणसानं आपल्या मांजराचा फोटो टाकला, तर मागच्या भिंतीवरची सावली मोठी करून त्यात एकानं बुरूज शोधला. उत्तरेच्या राज्याची हद्द नदीच्या अलीकडं की पलीकडं, यावर अकरा दिवस वाद झाला. दोघं ग्रुप सोडून गेले, एक रडून परत आला. दैवशालाबाई दुपारी डबा खाताना हे सगळं वाचायच्या.

"यापेक्षा बांधाचं भांडण परवडलं," त्या कचेरीतल्या बंडप्पा शिपायाला म्हणाल्या. "तिथं निदान जमीन तरी असती."

मग एका रविवारी संध्याकाळी साडेसहाला कंपनी घोषणा करणार असं ठरलं. मल्लिकार्जुनला ती पहिल्या नकाशाच्या साक्षीनं ऐकायची होती. सोबत राजस आणि श्रिया अशा दोन तरुण सदस्यांना घेऊन तो चार वाजताच गाडीनं नळदुर्गला आला. तिघांच्या अंगात काळदरीच्या निशाणाचे काळे टीशर्ट. राजसनं खिशातून पांढरे हातमोजे काढले आणि दिवाणवर नकाशा असा उलगडला, जणू पोथीच.

तिघं वाकून बघू लागले. नकाशाभर पेन्सिलीची अक्षरं होती. 'विहीर, पाणी खारट.' 'शिवप्रिया इथं मेली, दोनदा.' ड्रॅगनच्या डोंगराखाली कुणीतरी एसटी स्टँडही काढलं होतं.

"हे कुणी खराब केलं?" मल्लिकार्जुनच्या तोंडून कसंबसं निघालं.

"खराब? खेळलोय आमी त्याच्यावर," दैवशालाबाई म्हणाल्या. "तुमी किती वर्षं खेळताय?"

राजसनं मल्लिकार्जुनकडं बघितलं.

"सगळी पुस्तकं आहेत आमच्याकडे," मल्लिकार्जुन म्हणाला. "खेळायला अजून सुरुवात केली नाही. नवीन नियम येणार म्हटल्यावर जुन्यांवर कशाला खेळायचं?"

"कधीपास्नं थांबलाय?"

"मी? नऊ वर्षं झाली."

दैवशालाबाईंना हसू आवरेना. "लई झालं थांबणं. बसा खाली. अजून वेळ हाय, खेळू."

दाराशी त्यांच्या सासूबाई म्हाळसाबाई मटकी निवडत बसल्या होत्या. उभी हयात मेंढरांमागं हिंडलेली बाई. दैवशालाबाईंनी सुरुवात केली. तिन्हीसांज झालीय, तुम्ही खिंडीत आहात, समोर लांडगा उभा आहे. काय करता?

"काळदरीच्या खिंडीत लांडगे नसतात," राजस म्हणाला. "पान एकशे बारा."

मल्लिकार्जुन मोबाईलवर होता. "एक मिनिट हं, काहीतरी पोस्ट पडलीय." पोस्ट कालचीच निघाली.

"लांडगा म्होरं दिसला म्हंजी दुसरा मागं आसतोय," म्हाळसाबाई मटकीतून मान वर न करता बोलल्या. "पाठ खडकाला लावा आन् मेंढरं मधी घ्या."

"आत्या, मेंढरं न्हाईत यांच्याजवळ," दैवशालाबाई सासूला म्हणाल्या.

"मग खिंडीत कशाला तडमडलीत ही?"

श्रिया खळखळून हसली. "मी लावते पाठ खडकाला," ती म्हणाली आणि फासा टाकला. वीसपैकी चारच पडले. लांडग्यानं तिचा दंड धरला. पोरीनं खरोखरच हात आवळून घेतला. "आता काय करू, आजी?"

पण तेवढ्यात मल्लिकार्जुन ओरडला, "सुरू झालं!"

मोबाईलवर एका दाढीवाल्या गोऱ्या माणसानं सांगितलं, की काळदरी येणार, पण अजून दोन वर्षांनी. मग एक काळंकुट्ट चित्र दिसलं आणि व्हिडिओ संपला. मल्लिकार्जुनच्या डोळ्यांत पाणी आलं. "अजून दोन वर्षं!" तो असं म्हणाला, जणू घरात पाळणाच हलणार आहे. त्या काळोखात काय दडलंय, यावर राजसचा ग्रुपवर वाद सुरूही झाला होता.

निघताना मल्लिकार्जुननं नकाशा मागितला. "ग्रुपसाठी काचेत लावून ठेवू. तुम्हाला आता कशाला लागतो?"

"न्हाय द्यायचा," एवढंच दैवशालाबाई बोलल्या. तसं बघितलं तर पंचवीस वर्षांत त्यांनी तरी फासा कुठं हातात धरला होता?

गाडी हलल्या हलल्या त्यांनी शिवप्रियाला फोन लावला. "ये की एका रविवारी. सोलापूर काय लांब हाय?"

"अगं, दोन वर्षांत नवीन येतंय ना!" शिवप्रिया म्हणाली. "तेव्हाच भेटू की सगळ्या."

दैवशालाबाईंनी फोन ठेवला. संध्याकाळभर परक्यांवर मनातल्या मनात थुंकून झालं होतं. आता मैत्रीणही त्यातून सुटली नाही, आणि जरा विचार केल्यावर स्वतःचीही गय करता येईना. त्यांनी तिथंच ग्रुप सोडला.

महिन्याभरानं श्रिया समृद्धी नावाच्या मैत्रिणीला घेऊन एसटीनं आली. काळा टीशर्ट घातला नव्हता. म्हाळसाबाईही चष्मा लावून दिवाणवर चढून बसल्या. खेळ भिकार झाला. नदीला पाणी वाढलंय, असं म्हातारी तीनदा बोलली, तरी पोरी उतारातून नदीत शिरल्या आणि तासाभरात सगळ्याच बुडून मेल्या, म्हाताऱ्या सासूसकट.

"हॉस्टेलात इतकं वाईट कुणी खेळत नव्हतं," दैवशालाबाई फणकारल्या. "अक्कल गहाण ठेवून आला होता काय?"

"पुढच्या रविवारी सुधारू," समृद्धी चाचरत म्हणाली. "किती वाजता येऊ?"

"धाला. सव्वाधाला आलात तर दार उघडणार न्हाय."