डालग्याखालचा फोन

कात्रजच्या पल्याड, काल-परवापर्यंत गाव असलेल्या अन् आता शहरात गेलेल्या वस्तीत बायडाबाईचं घर. पोरगा संभाजी जेवताना ताटाकडं बघायचाच नाही, फोनकडं बघायचा. आमटी मिशीला लागायची. म्हणून पुतण्या साईनाथनं बैठकीत ‘सांजेला सात ते नऊ फोन बंद’ असा ठराव मांडला, तेव्हा पहिला हात बायडाबाईचा वर गेला.

देवळावर भोंगा बसला. सातला तो बोंबलला की घरातले फोन कोंबड्यांच्या डालग्याखाली. तपासायला बायांचं पथक. फोन हातात सापडला की नाव देवळाच्या कर्ण्यावर.

हात वर करताना तिनं लेकीचा विचार केला नव्हता. हेमाला जामखेडकडं दिलेली. फोन सासूच्या ताब्यात. सासू सातला हरिपाठाला गेली की हेमा तो फडताळातनं काढून आईला लावायची. “बरी हाय” एवढंच म्हणायची. पण कसं म्हणती, त्यावरनं आईला खरं कळायचं.

सातचा भोंगा झाल्यावर बायडाबाई साईनाथकडं गेली.

“मला तेवढी घटकाभर सूट दे रं.”

“काकू, पहिला हात तुमचाच. आता तुम्हालाच सोडलं तर लोकं माझ्या तोंडात शेण घालत्याल.”

“अन् तुझ्या खिशात वाजतोय त्यो?”

“त्यो कामाचा हाय.”

संभाजीनं या बंदीवर आपला इलाज काढला. जुना, मेलेला फोन डालग्याखाली सारायचा अन् जिता घेऊन हायवेपल्याडच्या चहाच्या टपरीवर बसायचं. अर्धी आळी तिथंच असायची. खरा फोन झाकणारी बायडाबाई एकटीच.

एका सांजेला पथक दारात असतानाच डालग्याखाली फोन वाजला.

“वाजू द्या,” पथकातली कांताबाई म्हणाली. तिच्या हातातल्या फोनवर शूटिंग चालू होतं. पथकाला तेवढी मुभा होती.

फोन थांबला, परत वाजला. परत थांबला, परत वाजला. एरवी हेमा एकदाच लावायची. बायडाबाईचा हात डालग्यापर्यंत गेला. तेवढ्यात कर्ण्यावरनं आपलंच नाव येतंय असं तिला वाटलं, अन् हात मागं आला.

नऊला तिनं फोन लावला. सासूनं उचलला. “निजलीया ती. काय काम हुतं?”

त्यानंतर सातचा फोन बंदच झाला. दिवाळीला हेमा आली ती पाय ओढत.

“त्या दिशी काय सांगणार हुतीस?”

“काय नाय. तवा सांगायचं हुतं.”

फोनबंदीबद्दल वस्तीला बक्षीस मिळालं. साईनाथ कॅमेरा घेऊन आला. “काकू, फायदा सांगा.”

बायडाबाईनं पदर सारखा केला. “लई फायदा झाला. आता माझा फोन दिवसभर डालग्याखाली ठिवला तरी वाजत नाय.”

साईनाथनं पहिलं वाक्य ठेवलं, पुढचं कापलं. संभाजीनं तो व्हिडिओ हायवेपल्याड, टपरीवर बसून फोनवर बघितला. साडेसात वाजले होते.