कुठं गेला?

फोनवर हलणारं, पुन्हा पुन्हा तेच करणारं जे छोटं चित्र येतं त्याला कुणी जिफ म्हणतं, कुणी गिफ. आमच्या ‘दावण’ गटात त्याला नाचरं म्हणतात. मुरबाड-शहापूरकडच्या गुराढोरांवाल्यांचा हा गट सारिकानं काढला. वैशाखऱ्याची सारिका, घरी भातशेती आणि दोन म्हशी. म्हैस हरवली, वासरू आजारी पडलं, बैल विकायचाय, सगळं त्या गटात. माझं धसईला पेंडीचं दुकान आहे, म्हणून मीही त्यात.

गटात कामापेक्षा चेष्टा जास्त, आणि त्याला कारण सारिकाच. बाजारात मिळणारी नाचरी तिला आवडत नाहीत. ती आपल्याच अंगणातली बनवते. रवंथ करता करता डुलकी घेणारी म्हैस, सासूला बघून पळणारी मांजर. सगळ्यांत लाडका तिचा फेटेवाला कोंबडा. सौदा जमला की तो यायचा, एका पायावर गिरकी घ्यायचा, आणि मला दुकानात गिऱ्हाइकासमोर फिस्सकन हसू यायचं.

म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत तर कोंबड्याला दम खायला फुरसत नसायची. जत्रेच्या दिवसांत आमच्याकडे ‘विकला’ म्हणत नाहीत, जिवावर येतं. ‘गेला’ म्हणतात. ‘खिलाऱ्या गेला’ म्हणजे चांगल्या दावणीला गेला, पेढे काढा.

गेल्या खेपेला ऐन जत्रेत भिमाकाकांनी मोकळ्या खुंट्याचा फोटो टाकला. खाली दोनच शब्द, ‘ढवळ्या गेला.’ भिमाकाका डोळखांबकडचे, म्हातारे, गटात फारसं न बोलणारे. त्यांनी बैल विकला याचंच सगळ्यांना कौतुक. सारिकाचा कोंबडा पहिला पोचला. मागून ढोल वाजवणारं माकड, नाचणारा नवरदेव, काय काय. फोन नुसता थरथरत होता.

मग काकांचा निरोप आला. ‘आताच मातीआड करून आलो त्याला. नाचा तुमी.’ आणि ते गटातून बाहेर पडले.

सारिकाच्या जोडीनं गट सांभाळणारा साईनाथ तापला. हा माणूस एरवीही नाकावर राग घेऊनच फिरतो. त्यानं लिहिलं, ‘आजपासून नाचरी बंद. फक्त कामाचं बोला.’ बऱ्याच जणांनी होकाराचे अंगठे टाकले. मला विचाराल तर त्या अंगठ्यांचाच मला जास्त राग आला, कारण माकड पाठवणारे हात तेच होते.

सारिकानं लिहिलं, ‘बंद नाय होणार. पयला कोंबडा माझा, चूक माझी. समद्यांची तोंडं शिवून ती कशी सुधारंल?’

‘मग सॉरी टाक आणि मिटव,’ साईनाथ म्हणाला.

‘ज्याचं काळीज दुखलंय तो गटात नाय. सॉरी कोणाला टाकू, तुला?’

दुसऱ्या दिवशी एसट्या बदलत ती डोळखांबला गेली. काका अंगणात बसले होते. त्यांच्या बायकोनं, बाईजाकाकूंनी, चहा दिला. काका एवढंच म्हणाले, ‘कोंबडा ब्येस नाचतो गो तुझा.’ ती येताना रडली, हे तिनंच मला सांगितलं. तिचा नवरा, आदेश, म्हणाला, झालं ना आता, पुरे कर. पण सारिकाला पुरे कर म्हणणं म्हणजे म्हशीला पाण्यातून बाहेर ये म्हणण्यासारखं. ती पुन्हा गेली. त्यानंतरही गेली. माफीचा विषय काढला नाही, काकूंबरोबर वाल सोलत बसली आणि ढवळ्या कसा होता ते विचारत राहिली.

शेवटी काकांनीच आपला फोन तिच्या हातात दिला. त्यात ढवळ्याचं हलतं शूटिंग होतं. औत सुटल्यावर काका त्याच्या मानेवरचं जू काढतात आणि तो खुशीत मान डोलावतो, एवढंच.

‘काका, याचं बनवू का?’ तिनं विचारलं.

काकांनी फोन तिच्याच हातात राहू दिला. तिनं बनवलं आणि फक्त त्यांना पाठवलं. उत्तर आलं नाही. गटात मात्र तिनं सगळ्यांत वर एक ओळ लावून ठेवली, ‘हसायच्या आधी इचारा, कुठं गेला?’ साईनाथनं नाक मुरडलं. नाचरी चालू राहिली, पण कोंबडा काही दिसला नाही. सारिकानं तो बांधूनच ठेवला होता.

यंदाच्या जत्रेत धसईच्या हर्षालीनं लिहिलं, ‘आमची सावळी गेली.’

फोन गप्प. एक माकड नाही, एक अंगठा नाही. विचारायचं सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारायला कुणी पुढं होईना. उत्तर वाईट आलं तर? मीही गिऱ्हाईक ताटकळत ठेवून फोनकडे बघत बसलो.

मग एक ओळ आली. ‘कुठं गेली गो पोरी?’

भिमाकाका! त्यांना गटात परत कधी घेतलं, हे सारिकानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

‘टोकावड्याला काका, मामाच्या गोठ्यात,’ हर्षालीनं लिहिलं. ‘रोज बघाया मिळंल.’

त्यावर काकांनी ढवळ्या पाठवला. जू निघतं, तो मान डोलावतो. पुन्हा निघतं, पुन्हा डोलावतो. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे, डोळे भरून आले माझे.

तेवढ्यात सारिकाचा फोन. आधी नुसतं नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाली, ‘दादा, आता कोंबडा सोडू का?’

‘सोड गो,’ मी म्हटलं.