तलाव कोणी खोदवला
लखनौच्या विद्यापीठात शिकवत असताना एम.ए.ची एक मुलगी माझ्याकडे लघुप्रबंधासाठी आली. वडील बँकेत, राहायला तेलीबागेत, मूळचे नगरकडचे. मी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

तिचा विषय होता चिनहटकडचा एक जुना तलाव. तो एका बेगमेनं खोदवला, असं पहिल्याच प्रकरणात ठासून लिहिलं होतं. खाली पाच वेबसाइटचे संदर्भ.

“हे कशावरून?” मी विचारलं.

“मैम, पाँच जगह लिखा है.”

मी पाचही पानं तिच्यासमोर उघडली. वाक्य तेच. ‘जलाशय’ शब्द सगळ्यांनी चुकीचा लिहिला होता, तोही सारखाच.

“मतलब, असल में जगह एक ही है,” ती हळूच म्हणाली.

त्यातलं सगळ्यात जुनं पान अलीगंजच्या एका निवृत्त शिक्षकांचं होतं. फोन करून आम्ही तिच्या स्कूटीवरून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, आपला मूळ लेख दाखवला. त्यात वाक्याची सुरुवात ‘कहते हैं’नं होती. पुढे उचलणाऱ्यांनी तेवढे दोन शब्द गाळले होते.

“आपने किससे सुना था?” तिनं विचारलं.

“मोहल्ले में सब कहते थे, बेटा. मैंने भी आगे कहाँ पूछा!”

दुसऱ्या दिवशी ती चिडूनच आली. “अब क्या लिखूँ? पूरा चैप्टर उसी पर खड़ा है.”

“जेवढं कळलंय तेवढं लिही,” मी म्हटलं.

ती अभिलेखागारात जाऊन बसू लागली. एका जुन्या नकाशात तलाव सापडला. खोदवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. प्रकरण निम्म्यावर आलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. “तो तालाब बनवाया किसने?”

“पता नहीं, सर.”

“इतना भी नहीं ढूँढ पाईं?”

तिचा चेहरा उतरला. पण आवाज तसाच होता. “जहाँ-जहाँ ढूँढा, वो लिख दिया है, सर. आगे किसी को मिल जाए तो अच्छा है.”

गुण बेताचेच मिळाले. तिला वाईट वाटलं, ते तिनं लपवलंही नाही. काही दिवसांनी ती पुन्हा माझ्या खोलीत आली आणि पीएच.डी.च्या प्रवेशाचं विचारू लागली.