सहाव्या अंकातला उःशाप

छापखान्यात तिला सगळे ‘फुगेवाल्या बाई’ म्हणायचे. चित्रकथेतली माणसं ज्यात बोलतात ते फुगे चित्रकार रिकामे ठेवायचा. त्यात अक्षरं भरायची ही. तलवारी, घुबडं, काळा मांत्रिक, असला सगळा मामला. पाच अंक निघाले आणि मालकांनी हात टेकले. पुढे तिने चाळीस वर्षं बाटल्यांची लेबलं लिहिली, पण तितक्या जीव लावून एक अक्षर काढलं नाही.

त्या दुपारी पाचवा अंक छातीशी धरून एक टकल्या मास्तर दारात उभा. “बाई, लहानपणी हा उशाशी घेऊन झोपायचो. सही द्या!”

पलंगावर नवरा होता. दोन महिन्यांपूर्वी झटका येऊन त्याची उजवी बाजू लुळी पडली होती. बोलणं तुटक. “वाचा... की,” तो मास्तरला म्हणाला.

ती अंक मिटायला पुढे झाली. “कशाला? पोरखेळ तो.”

मास्तर कुठला ऐकतोय! पलंगाच्या कडेला बसून त्याने मांत्रिकाचा घोगरा आवाज लावला, “उजवा हात तुझा दगड होवो! जीभ तुझी जड होवो!”

हा मंत्र लेखकाने लिहिलाच नव्हता. ‘इथं तुम्हीच काहीतरी भरा, बाई,’ म्हणून तो चहाला गेला होता. आदल्याच दिवशी नवऱ्याने त्या उजव्या हाताने तिच्या कानाखाली वाजवली होती, वर तिच्या मेलेल्या आईचा उद्धार केला होता. तिने दातओठ खाऊन फुगा भरला. पुढे तो निवळला, त्याने पुन्हा हात उचलला नाही, तीही विसरली. झटका आला त्या दिवशी मात्र अक्षर न् अक्षर आठवलं.

“सहाव्यात उःशाप होता म्हणे,” मास्तर हळहळला. “तोच निघाला नाही!”

आता हे थट्टा करतील, म्हणून ती वाट पाहू लागली. ‘हिच्या जिभेवर काळा तीळ आहे,’ असं म्हणत त्याने तिला जन्मभर चिडवलं होतं.

तो फुग्याकडे बघत होता. मग तिच्याकडे. “तू... लिहिलंस?”

“अहो, पोटासाठी वाट्टेल ते लिहायचे मी.”

त्याने डाव्या हाताने मास्तरच्या खिशातलं पेन ओढलं, तिच्यापुढे धरलं. “मग... उःशाप पण... लिही.”

मास्तर खो खो हसला. नवरा हसला नाही.

तिने पेन घेतलं. लिहूनही हात हलला नाही, तर उद्यापासून हा माणूस या पलंगावरून आपल्याकडे कसा बघत राहील, एवढंच तिला दिसत होतं.

“लवकर,” तो म्हणाला.