टपावरचं कॅरिअर

पडदे बसवणाऱ्या माणसाला एरवी कोणी लक्षात ठेवत नाही. याला मात्र अख्खी वसाहत ओळखायची, आणि तीही लोंबकाका म्हणून. दोन्ही ब्रॅकेट भिंतीत घट्ट झाले, दांडी त्यांच्यावर ठेवली, पडदा चढला, की हा गृहस्थ शिडीवरून उतरायचा, एक स्टूल ओढायचा, दोन्ही हातांनी दांडी धरायचा आणि पाय मोकळे सोडून चक्क लोंबकळायचा. बहात्तर किलोचा देह, डोळे मिटलेले आणि तोंडाने एक ते दहा आकडे. दहापर्यंत भिंतीतून काही निखळलं नाही तर काम पास. मगच ब्रॅकेटच्या तोंडाशी असलेला बारीक पेच पिळून तो हत्यारं आवरायला घ्यायचा. घरातली पोरं पोट धरून हसायची. याच्यावर काडीचा परिणाम नाही. तीस वर्षांत त्याची एकही दांडी कोणाच्या डोक्यात पडली नव्हती.

यावरून तो धीट होता असं कोणी समजू नये. लोंबकाका हा आपल्या वसाहतीतला पहिल्या नंबरचा भित्रा माणूस होता आणि तो लोंबकळायचा तोही भीतीपोटीच. गॅस बंद केलाय का, हे तो तीनदा बघायचा. हिरवा दिवा दिसला तरी गाडी हळू करायचा, कारण जवळ जाईपर्यंत तो लाल झाला तर? मुलगी गाडी शिकली तेव्हा त्याने तिच्याकडून एकच गोष्ट वदवून घेतली होती. “चालवताना फोन वाजला तर वाजू दे. मी मेलो अशी बातमी असली तरी उचलायचा नाही.” मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही मेलात तर फोन तुमचा नसेलच.” पण शब्द तिने पाळला. तेवीस वर्षांची होती, पडदे त्याच्याहून सरळ शिवायची आणि गाडी त्याच्याहून बरी चालवायची.

या भित्रेपणाला एक कारण होतं, आणि ते घरात कोणालाच माहीत नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी तो आपल्या छोट्या गाडीच्या नुसत्या टपावर एक जुनं ब्लँकेट घालून त्यावर शिडी ठेवायचा आणि दोरी दोन्ही दारांतून आत घेऊन बांधायचा. सगळेच तसं करतात. एका दुपारी मोठ्या रस्त्यावर मागून धाडकन आवाज आला. आरशात बघतो तर शिडी रस्त्यावर आडवी, आणि तिच्यापासून दोन हातांवर एक स्कूटर तिरकी थांबलेली. स्कूटरवर एक बाई आणि मागे दप्तर पाठीला लावलेली मुलगी. बाई तोंडाला येईल ते बोलली. मुलगी नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तो हात जोडून तसाच उभा राहिला, आणि शिडी उचलायलासुद्धा दुसऱ्याच कोणाला तरी यावं लागलं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं की उन्हामुळे डोकं दुखतंय. त्यानंतर शिडी आणि दांड्या टेम्पोने जाऊ लागल्या. विचारलंच कोणी, तर “दोरीचा भरवसा नाही” एवढंच म्हणायचा. खरं म्हणजे दोरी तुटली नव्हती. गाठही सुटली नव्हती. दोरी गाडीवर जशीच्या तशी होती आणि शिडी खाली, हे कसं झालं ते त्याला बारा वर्षांत कळलं नव्हतं. जे कळत नाही त्याची भीती फार वाईट असते.

आणि या वर्षी टेम्पोवाल्याने टेम्पो विकला.

“आपल्याच गाडीवर कॅरिअर बसवू,” मुलगी म्हणाली. तो त्या रात्री जेवला नाही.

मग सुरू झाली कॅरिअरची निवड. लोकांनी मुलीचं स्थळ बघताना केली नसेल इतकी चौकशी या माणसाने त्या दोन आडव्या दांड्यांची केली. एका दुकानात लोहचुंबकाने चिकटणारं दाखवलं, ते बघूनच त्याला घाम फुटला. दुसरीकडे हवा भरायच्या उशा आणि पट्टे होते. “ही झोपायची सोय आहे की वाहायची?” असं विचारून तो बाहेर पडला. त्याच्या गाडीची अडचण अशी की टप अगदी सपाट, कडेला धरायला पन्हळ नाही की कठडा नाही. त्यामुळे जे काही बसवायचं ते दाराच्या चौकटीलाच धरून बसणार.

तिसऱ्या दुकानातला दुकानदार सज्जन होता. त्याच्याकडे गाडीचा कापलेला टप लोखंडी घोड्यावर उभा केला होता आणि त्यावर गिऱ्हाइकाला कॅरिअर बसवून दाखवता येत असे. त्याने दोन प्रकार पुढे ठेवले. एक ॲल्युमिनियमचं, चपट्या दांड्यांचं, हलकं. त्याचे आकडे दाराच्या चौकटीत खोल आत जाऊन किल्लीने आवळायचे. दुसरं लोखंडी, चौकोनी दांड्यांचं, हत्तीच्या पायासारख्या जाड रबरी पायांचं. त्याचे आकडे आखूड होते, चौकटीच्या कडेला नुसते अडकायचे.

“हे चपटं घ्या,” मुलगी म्हणाली. “आकडा बघा ना बाबा, कसा आत जातोय.”

“पत्रा आहे तो.”

“तुमच्या गाडीला हेच बरं,” दुकानदारही म्हणाला.

लोंबकाकाने चपट्या दांडीचं बाहेर आलेलं टोक धरलं आणि पाय सोडले. दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो! अहो काका, काय करताय!” चारपर्यंत आकडे झाले आणि दांडी किंचित वाकली. मग तो लोखंडीला लोंबकळला. एक ते दहा. परत एक ते दहा. दांडी तसूभर हलली नाही.

“हेच,” तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

“बरं, पण मग पुढून-मागून बंपरला दोरी घ्या,” दुकानदार म्हणाला.

“दोरीचं नाव काढू नका. दोरी नको म्हणून तर लोखंड घेतोय.”

दुकानदाराने मुलीकडे बघितलं, मुलीने खांदे उडवले. बाबांचं दोरीशी काय वाकडं आहे हे तिला ठाऊक असतं, तर ती भांडली असती. पण तिला वाटलं, हाही त्यांचा एक नेहमीचा हट्ट.

दोन दिवस त्याने गल्लीबोळांतून शिडी आणि बारा फुटी दांड्या कॅरिअरला पट्ट्यांनी आवळून फेऱ्या मारल्या. सायकलवाले पुढे जायचे इतका हळू. कॅरिअर ढिम्म. तेव्हा कुठे त्याने परवानगी दिली. गावाबाहेरच्या शाळेच्या सभागृहाचं काम होतं. मुलीने माल घेऊन मोठ्या रस्त्याने पुढे व्हायचं आणि त्याने वसाहतीतल्याच एका चष्मेवाल्या बाईंच्या घरचा एक पडदा उरकून बसने यायचं, असं ठरलं. ती निघताना तो गाडीच्या दाराच्या पायरीवर चढून दोन्ही दांड्यांवर पोटावर आडवा झाला, दहा आकडे मोजले आणि मगच म्हणाला, “जा. सावकाश जा.”

चष्मेवाल्या बाईंचं काम सोपं होतं. एक रुंद खिडकी, एक लाकडी दांडी आणि एक जाडसर पडदा. त्याने बाईंच्या स्टुलावर चढून ब्रॅकेट बसवले, दांडी ठेवली, पडदा चढवला, लोंबकळला. बाई दारात उभ्या राहून हसत होत्या. भिंतीला भोकं पाडल्याने खोलीत धुरळा झाला होता, म्हणून त्यांनी पुढे होऊन खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. लोंबकाका खिशात तो बारीक पेच शोधत होता.

वारा आत आला. पडदा फुगला, पोट पुढे काढून वर उचलला गेला, आणि त्याच्याबरोबर दांडी. आत्ता ज्या दांडीने बहात्तर किलो पेलले होते, ती ब्रॅकेटमधून अलगद वर निघाली आणि खणकन फरशीवर पडली.

“अगं बाई! लागलं नाही ना?” बाईंनी विचारलं.

तो खाली पडलेल्या दांडीकडे बघत राहिला. तो पेच कशासाठी असतो, हे त्याने तीस वर्षांत स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. बसवायचा असतो म्हणून बसवायचा. त्याने मान वर केली. ब्रॅकेट भिंतीत पक्के होते. काही तुटलं नव्हतं, काही सुटलं नव्हतं. दांडी तेवढी खाली होती.

दोरी गाडीवर आणि शिडी खाली.

शिडी खाली ओढली गेलीच नव्हती. वाऱ्याने ती पुढून उचलली होती आणि दोरीखालून काढून घेतली होती. आणि तो वेडा आयुष्यभर सगळं खालीच ओढून बघत आला होता. त्या आखूड आकड्यांना वर कोण उचलून बघणार होतं? गल्लीतल्या सायकलच्या वेगाला वारा कुठून येणार होता?

त्याने मुलीला फोन लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला. परत लावला. ती उचलणार नव्हती. त्यानेच तर शिकवलं होतं. पाचव्यांदा लावायला लागला तेव्हा फोन बाईंनीच हातातून काढून घेतला.

“काय झालंय ते मला नीट सांगा.”

“मुलगी,” तो म्हणाला. “गाडीवर शिडी आहे. उडेल. मागून कोणी येत असेल.”

बाईंनी चप्पल घातली आणि स्कूटरची किल्ली घेतली.

स्कूटरवर मागे बसायची त्याला एरवी हिंमत झाली नसती. आज तो बाईंच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघत होता. प्रत्येक वळणावर त्याला वाटे, आता दिसेल. आडवी शिडी, तिरकी स्कूटर. दप्तर पाठीला लावलेली ती मुलगी गेली बारा वर्षं त्याच्या डोळ्यांपुढे नेहमी उभी असायची. आज ती रस्त्यावर आडवी दिसायला लागली. तो डोळे मिटून आकडे मोजायचा आणि दहाच्या पुढे गेला की परत एकपासून सुरू करायचा. “अजून जोरात,” असं आयुष्यात पहिल्यांदाच तो कोणालातरी म्हणाला.

मोठा रस्ता लागला. मालट्रक घोंगावत जात होते. पूल संपल्यावर लांबवर त्याला आपली गाडी दिसली. कडेला उभी, दिवे लुकलुकताहेत, आणि ट्रक जात होते त्या बाजूचं दार उघडं. त्या दाराच्या पायरीवर उभी राहून त्याची मुलगी पुढच्या दांडीवर पोटावर आडवी पडली होती. अगदी तो पडायचा तशी. अंगाचा सगळा भार देऊन.

ती जिवंत आहे एवढं त्याला कळलं आणि रडू फुटलं. ते पुसायलाही वेळ नव्हता.

“बाबा!” ती ओरडली. “इकडचा आकडा निघालाय! शिट्टीसारखा आवाज आला म्हणून थांबले. ट्रक गेला की सगळं वर उचलतंय. सोडलं तर जाईल रस्त्यावर!”

“कधीपासून?”

“माहीत नाही. तुम्ही त्या बाजूने धरा आधी!”

तो दुसरं दार उघडून पायरीवर चढला आणि दांडीवर आडवा झाला. चष्मेवाल्या बाई हेल्मेट हातात घेऊन मागे पन्नास पावलं धावत गेल्या आणि येणाऱ्या ट्रकांना हात करू लागल्या. पण सगळेच थोडे ऐकतात! एक जवळून गेला. त्याला पोटाखाली स्पष्ट जाणवलं, लोखंड जिवंत असल्यासारखं वर आलं आणि परत टेकलं. बारा वर्षांपूर्वी हे त्याच्या डोक्याच्या वर दीड वितीवर घडत होतं आणि तो आत बसून गाणं गुणगुणत होता.

“जरा रस्ता मोकळा झाला की पट्टे सोडू आणि शिडी गवतात टाकू,” मुलगी धापा टाकत म्हणाली. तिचे तळहात सोलवटले होते. “आणि उद्या ते चपटं आणायचं. बास झाला तुमचा हट्ट. एक दोरी बांधली असती पुढून तर काय बिघडलं असतं? काय वैर आहे हो तुमचं दोरीशी?”

टपावर दोघांची तोंडं समोरासमोर होती, मध्ये शिडी. एवढ्या जवळून त्याने तिला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. तिच्या कपाळावर धूळ आणि घाम होता आणि ती त्याच्याहून जास्त घाबरलेली होती.

त्याने सांगितलं. ब्लँकेट, दोरी, धाडकन आवाज, ती बाई, दोन हातांचं अंतर. उन्हाने डोकं दुखत नव्हतं हेही सांगितलं.

“आणि हे तुम्ही मला आज सांगताय,” ती म्हणाली. “हे माहीत असतं तर मी तुम्हाला हे घेऊ दिलं असतं का?”

मागून बाई ओरडल्या की अजून दोन येताहेत.

“मागे बसलेली ती मुलगी,” तिने विचारलं, “केवढी होती?”

“तू तेव्हा होतीस तेवढी.”

ट्रक आला. दोघांनी माना खाली घातल्या आणि अंगाचा भार दांडीवर टाकला. तो निघून गेला तरी लोंबकाकाच्या मनगटावर काहीतरी घट्ट होतं. शिडीच्या पायऱ्यांमधून हात घालून तिने त्याला धरून ठेवलं होतं.